एकोणीस क्रमांकाची नोंद

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे: पुरुष, वय एकाहत्तर. उंची पाच फूट चार इंच (स्वतः मोजलेली, दवाखान्यात मोजलेली पाच फूट साडेतीन इंच, परंतु ती सदर इसमास मान्य नाही). अंगकाठी सडपातळ, चष्मा दुहेरी भिंगाचा, डाव्या कानामागे पेन्सिल. ओळख पटविण्याची खूण: हातात कोणतीही वस्तू आली की ती एकदा वरखाली झेलून पाहतो. निवास चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, पत्नीसह, अपत्य नाही. पूर्वीचा हुद्दा वजनमापे निरीक्षक. सेवा चौतीस वर्षे. सेवेत ठपका नाही, बक्षीसही नाही. सध्याचा व्यवसाय निरंक. ताब्यातील साहित्य: लहान तराजू एक, वजनांची पेटी एक, काचेच्या बरण्या सत्तावीस, नोंदवही एक. सदर इसमाच्या हातून आजवर कोणाचेही नुकसान झाल्याची नोंद नाही.

शेवटचं वाक्य शब्दशः खरं आहे, कारण नोंदी तोच ठेवतो.

इमारतीत त्यांना मापकाका म्हणतात. नोकरीत असताना बाजारातले दुकानदार काय म्हणत, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, पोटातून पोखरलेलं किलोचं वजन, तळ जाड करून घेतलेलं दुधाचं माप, असल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर हुडकून काढल्या. एकदा खुद्द सासऱ्यांच्या दुकानातलं दोन किलोचं वजन वीस ग्रॅमनं हलकं निघालं, तर त्यांनी ते रीतसर जप्त केलं. काकू हा किस्सा सांगताना आजही हसतात. सासरे हसले नव्हते.

निवृत्तीनंतर तोलायला काही उरलं नाही. सहा महिने ते घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. मग त्यांना खोकला झाला. दुकानातून आणलेल्या औषधानं ते दिवसभर पेंगायला लागले, तेव्हा काकूंनी मधात आल्याचा रस घालून दिला आणि दोन दिवसांत खोकला निवळला. दुसरा कुणीही इथंच थांबला असता. मापकाकांनी विचारलं, "मध किती घातला होतास?"

"चमचाभर."

"कुठला चमचा?"

तिथून सुरुवात झाली. वर्षभरात स्वयंपाकघरातली एक अख्खी फळी बरण्यांनी भरली: लवंग, ओवा, ज्येष्ठमध, पुदिना, धणे, जव आणि आम्हाला वासावरूनही न ओळखता येणारी बरीच मंडळी. प्रत्येक पुडी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोललेली, वर पेन्सिलीनं ग्रॅम लिहिलेले. जे स्वतः पिऊन पाहिलं नाही ते ते दुसऱ्याला देत नसत. पहिल्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला खोकला झाला तेव्हा त्याच्या आईनं मध मागितला. काकांनी साफ नकार दिला, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत हे पुस्तकातलं पान उघडून दाखवलं आणि तिला डॉक्टरांकडे पिटाळलं. म्हणजे माणूस भोंदू नव्हता. त्यांच्या गुळण्यांनी घसा मोकळा व्हायचा, वाफेनं डोकं हलकं व्हायचं. सर्दीपडसं तसंही आठवडाभरात जातं; काकांच्या पुड्यांनी तो आठवडा सुसह्य होई. ही काही थोडी गोष्ट नाही. पुष्कळ लोक याहून कमी कामासाठी पगार घेतात.

घोळ होता तो तपासणीत. वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला होता: "चौथ्या दिवसापर्यंत उपाय बदलू नये." आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः दारात उभे राहत, हातात वही, कानामागची पेन्सिल बोटांत.

"काय, बरं वाटलं?"

आता सांगा, चार जिने उतरून आलेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला कोण नाही म्हणणार? शिवाय नाही म्हटलं की दुसरी पुडी येई, आणि दुसरी पुडी पहिलीपेक्षा कडू असे. आम्ही सगळे वेळ मारून न्यायला शिकलो. तिसऱ्या मजल्यावरचे गाडीमास्तर, जे लोकांना मोटार चालवायला शिकवतात, त्यांचं नाक आणि कपाळ पंधरा दिवस ठणकत होतं. त्यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या आणि दारात छाती भरून श्वास ओढून दाखवला. "एकदम मोकळं, काका!" काकांनी लिहिलं, "बरे." अशा वहीत बत्तीस नोंदी झाल्या, त्यांतल्या एकतीस "बरे". उरलेली एक तळमजल्यावरच्या भाडेकरूची. तो चौथ्या दिवसाआधीच घर सोडून गेला. त्याच्या नावापुढे शेरा होता, "तपासणीसाठी अनुपलब्ध".

सगळ्यात सुवाच्य अक्षरात होती ती एकोणिसावी. "पत्नी. लघवीस जळजळ. जवाचे पाणी, दिवसातून सहा पेले. धणे आठ ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून. दोन दिवसांत पूर्ण उतार."

ही नोंद दोन वर्षांपूर्वीची. त्या वेळी काकू दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणताईंकडे मापं द्यायला म्हणून उतरल्या होत्या. शिवणताई घरीच कपडे शिवतात. त्यांनी मशीन थांबवून काकूंचा चेहरा पाहिला आणि मापं न घेता त्यांना थेट डॉक्टरबाईंकडे नेलं. पाच दिवसांच्या गोळ्या शिवणताईंच्या बटणांच्या डब्यात राहिल्या. काकू सकाळ-संध्याकाळ "अजून काखेत घट्ट होतंय" असं सांगून खाली यायच्या, गोळी घ्यायच्या आणि वर जाऊन निमूटपणे जवाचं पाणी प्यायच्या. दोन दिवसांत जळजळ गेली. काका वहीवर वाकून लिहीत होते तेव्हा काकू म्हणे शेजारी उभ्या होत्या.

यंदा, एका सोमवारी, काकूंना पुन्हा तोच त्रास सुरू झाला. त्या खाली गेल्या. शिवणताईंच्या दाराला कुलूप. ताई बहिणीकडे गेल्या होत्या, येणार गुरुवारी. एकट्यानं डॉक्टरांकडे जाऊन असलं काही सांगायची काकूंना लाज. नवऱ्याला सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं उघड करावं लागणार. तीन दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून त्या वर गेल्या.

मंगळवारी काकांनी ओळखलं. काकू किती वेळा उठतात हे त्यांनी मोजलं होतं. "अगं, घाबरतेस काय, याची नोंद आहे आपल्याकडे," असं म्हणून त्यांनी बरणी उतरवली. जव, धणे, आठ ग्रॅम, सहा पेले. सगळं एकोणीस क्रमांकाप्रमाणे.

बुधवारी उतार पडायला हवा होता. बुधवारी दुपारी काकूंची पाठ एका बाजूनं दुखायला लागली आणि अंग तापलं.

इथं दुसऱ्या कुणाला उपायाचा संशय आला असता. मापकाकांना तराजूचा आला. उपाय तोच, रुग्ण तोच, म्हणजे वजनात खोट असली पाहिजे. त्यांनी तराजू खिडकीपाशी नेऊन काटा तपासला. काटा बरोबर होता. मग पेटीतली वजनं काढून मऊ फडक्यानं पुसली आणि एकमेकांशी ताडून पाहिली. तीही बरोबर होती. मग धण्यांवर संशय आला. धणे जुने झाले असतील. त्या दिवसात ते तीनदा खाली उतरले आणि तीन दुकानांतून धणे आणले. तिसऱ्या खेपेला गाडीमास्तर जिन्यात भेटले.

"काका, एवढे धणे? काय, दुकान टाकताय की काय?"

"तिला ताप आहे," काका म्हणाले. "आठ ग्रॅमनं गेल्या वेळी दोन दिवसांत गेलं होतं. काहीतरी चुकतंय माझं." आणि ते वर चढून गेले. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी.

मास्तरांनी माझं दार ठोठावलं. "ऐकलंत का? काकू आजारी आहेत आणि काका वहीप्रमाणे चाललेत."

वही कशी भरली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात."

"तुम्ही सांगा. तुमची नोंद खोटी आहे. माझी खरी आहे."

"म्हणजे मीच एकटा चोर?"

असा वाद घालण्यात आम्ही बुधवार घालवला. शेवटी दोघं मिळून वर गेलो, दार उघडल्यावर "काकू कशा आहेत" विचारलं, काका म्हणाले "शुक्रवारी चौथा दिवस", आणि आम्ही "काही लागलं तर सांगा" म्हणून परत उतरलो. याला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात.

गुरुवारी सकाळी काकूंना थंडी वाजून आली. दोन पांघरुणं घालूनही पलंग हलत होता. खालच्या मजल्यावर तो आवाज ऐकू येत होता. बाराच्या सुमाराला शिवणताई आल्या. मास्तरांनी त्यांना फाटकातच गाठून सगळं सांगितलं. ताईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. तशाच चार जिने चढल्या, आणि आम्ही त्यांच्या मागं, जरा अंतर राखून.

काका पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. समोर वही उघडी, एकोणिसाव्या नोंदीवर बोट.

"काका, डॉक्टरांना दाखवलं?"

"शुक्रवारी चौथा दिवस आहे." त्यांनी वर पाहिलं नाही. "हे बघ ना. सगळं तेच केलंय. तीनदा तपासलं. कुठं चुकतंय तेच सापडत नाहीये गं मला."

शिवणताई तशा तोंडाच्या फटकळ. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं तर तोंडावर सांगतात. पण या वेळी त्यांनी आधी पिशवी खाली ठेवली.

"काका, तेव्हा काकूंनी गोळ्या घेतल्या होत्या. माझ्याकडं. बटणांच्या डब्यात ठेवत होतो आम्ही."

"किती?" काका म्हणाले.

"काय किती?"

"गोळ्या."

"दहा. पाच दिवस."

काकांचं बोट वहीवरून सरकलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, आणि ती नुसती हातात धरून बसले. पलंगावरून काकूंचे दात वाजत होते, तरी त्या बोलल्या. "अहो... तुम्ही इतके खूश होऊन लिहीत होतात..."

काका उठले. "खुर्ची आणा," ते म्हणाले. "हातांची."

इमारतीला लिफ्ट नाही. काकूंना खुर्चीत बसवलं, पांघरुणात गुंडाळलं. वरच्या बाजूनं मास्तर आणि मी, खालच्या बाजूनं काका, उलटे उतरत. आम्ही नको म्हणालो तरी ऐकेनात. खुर्ची एकेक पायरी खाली जात होती आणि काका आमच्याकडे बघत होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी विचारलं, "अठ्ठावीस नंबर?"

मास्तरांना कळलं. "गोळ्या, काका. पाच दिवस."

"एकदम मोकळं म्हणालास."

"वाफेनं बरं वाटायचं हो, खरंच. पण गेलं ते गोळ्यांनी."

समोरच्या दारात निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. काकांनी मान वळवली. "नऊ नंबर? दात?"

"लवंगेच्या तेलानं ठणका थांबला होता," बाई घाईघाईनं म्हणाल्या, "पण दात काढावाच लागला. तुम्ही विचारायला आलात तेव्हा नुकतीच काढून आले होते. तोंडात कापूस होता, म्हणून तर नुसती मान डोलावली."

"आणि तुम्ही?" काका मला म्हणाले. "बावीस."

"माझा घसा गुळण्यांनीच बरा झाला, काका. शप्पथ सांगतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पारड्याखाली मेण लावणाऱ्या दुकानदारांनी काय सोसलं असेल ते मला एका क्षणात कळलं. आयुष्यात एकदा पूर्ण खरं बोललो आणि ते जिन्यात, पाठ मोडत असताना.

"अहो, खाली बघा," खुर्चीतून काकू पुटपुटल्या. "पडाल."

मास्तरांची शिकवणीची गाडी दारात होती, छतावर "शिकाऊ चालक" अशी पाटी. त्या पाटीखालून आम्ही पाच मिनिटांत डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात पोहोचलो. बाईंनी ताप पाहिला: एकशे तीनच्या वर. पाठीवर डाव्या बाजूला हलकेच मूठ मारली, तशा काकू कळवळल्या. रक्तदाब पाहिल्यावर बाईंनी पट्टा न सोडता पुन्हा पाहिला.

"घरी काय काय दिलंत?"

काकांनी सांगितलं. ग्रॅमसकट, वेळांसकट, धणे कुठल्या दुकानातले ते धरून. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या, मग थांबल्या.

"मला आजवर असं कुणी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "'काहीतरी मुळ्या दिल्या' एवढंच सांगतात लोक. ज्येष्ठमध देत होता का कधी?"

"खोकल्याला. महिनाभर, मागच्या थंडीत."

"यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? मग पुन्हा नका देऊ, त्यानं रक्तदाब चढतो." त्यांनी चिठ्ठी फाडली. "पाण्यानं काही वाईट झालं नाही. पाणी प्यायला मीही सांगितलं असतं. पण जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडात चढलेत, ते धण्यांनी उतरत नाहीत. थंडी वाजली त्याच मिनिटाला यायला हवं होतं. आता इथं नाही, मोठ्या रुग्णालयात न्या. लगेच."

"जगेल?" काकांनी विचारलं.

डॉक्टरबाई आधीच फोनवर बोलत होत्या.

रुग्णालयात काकूंना सलाईन लावलं, रक्त आणि लघवी तपासायला नेली. तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की औषध सुरू केलंय, अंदाजानं, नेमके कुठले जंतू ते प्रयोगशाळेतून कळायला दोन दिवस लागतील. रक्तात शिरले असतील तर सांगता येत नाही.

"म्हणजे तुम्हीही थांबूनच बघणार," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

"थांबणार. पण दर चार तासांनी बघणार. फरक नाही पडला तर औषध बदलणार."

काका सलाईनचे थेंब मोजायला लागले, ओठ हलवत. परिचारिका म्हणाली, "आजोबा, ते यंत्र मोजतंय." काका म्हणाले, "यंत्र कोण तपासतं?" परिचारिकेनं खरोखरच जाऊन तपासलं, आणि परत येऊन त्यांना "बरोबर आहे" असं सांगितलं. त्या पोरीचं भलं होवो.

शुक्रवारी दिवसभर ताप चढत-उतरत राहिला. एकशे दोन, एकशे एक, पुन्हा तीन. काकू मधूनच कुणालातरी हाक मारत होत्या, ते नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. काका म्हणाले, तिची धाकटी बहीण, लहानपणीच गेली. शिवणताई डबा घेऊन आल्या. काकांनी तो एकदा वरखाली झेलला आणि न उघडताच बाहेरच्या बाकावर ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "मी कधी दुकानदाराला विचारलं का, तुझं वजन बरोबर आहे का म्हणून? कधीच नाही. उचलायचो आणि तोलायचो. इथं मात्र दारोदार विचारत फिरलो."

"आम्हीही खोटंच बोललो की."

"तुम्ही भिडेखातर बोललात. पण तिनं?" त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "एक्केचाळीस वर्षं झाली. मला सांगायला तिला भीती वाटली. माझी नाही. मला वाईट वाटेल याची. आणि त्यापायी..."

शिवणताईंनी डबा उघडून त्यांच्या हातात पोळी दिली, आणि काकांनी ती खाल्ली. खाताना ते दरवाजाकडेच बघत होते. दरवाजा उघडला की दोघंही उठत. दर वेळी दुसऱ्याच रुग्णाचं काम निघे.

संध्याकाळी ताप एकशे दोन होता. तरुण डॉक्टर म्हणाला, सकाळपर्यंत बघू, नाहीतर बदलू. काकांनी "सकाळी किती वाजता?" असं विचारलं. "सातला," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रुग्णाचा ताप उतरल्याचे आढळून आले. सदर इसम त्या वेळी बाहेरच्या बाकावर तोंड उघडे टाकून झोपला होता.